क्रिएटिनीन १.९ : औषध जास्त झालं की कमी पडलं?

क्रिएटिनीन हा किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ; गाळणं घटलं की रक्तातला त्याचा आकडा चढतो. किडनी प्रत्यारोपणानंतर पाचव्या महिन्यात तो १.१ वरून १.९ वर गेला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणं, तर नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याच दमात दुसराही विचारायला हवा: औषध अंगावर तर आलं नाही ना? रिजेक्शन म्हणजे औषध कमी पडलं, विषबाधा म्हणजे औषध जास्त झालं. रिपोर्टवर दोन्ही एकाच आकड्याने दिसतात आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलटे. खालचं प्रकरण या पेचाचं आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांमध्ये वरचेवर दिसणाऱ्या घटना आणि आकडे एकत्र करून ते रचलं आहे, म्हणून त्यात गाव, रुग्णालय, नाव काहीच नाही.

रुग्ण आणि तिची औषधं

वय ३९, वजन ५४ किलो, व्यवसायाने शिक्षिका. आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या गाळण्या खराब करणाऱ्या आजाराने दोन्ही किडन्या निकामी झाल्या, वर्षभराहून जास्त काळ डायलिसिस झालं आणि मग आईची किडनी मिळाली. आईकडून आलेली किडनी म्हणजे एचएलएचा, म्हणजे आपलं-परकं ओळखायच्या पेशींवरच्या खुणांचा, निम्मा संच जुळलेला. निम्मा जुळला म्हणजे उरलेला निम्मा परकाच, ही बाजू घरच्यांच्या लक्षात राहत नाही. आईचीच किडनी आहे, शरीर तिला कशाला नाकारेल, असं त्यांना मनापासून वाटतं. वडिलांना मधुमेह. तिची स्वतःची साखर प्रत्यारोपणाआधी सामान्य होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी बॅसिलिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनचा २० मिलिग्रॅमचा एकेक डोस दिला गेला. त्यानंतर नेहमीचं त्रिकूट: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट मोफेटिल आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. शिवाय न्यूमोसिस्टिस (फुफ्फुसाचा एक संसर्ग) आणि मूत्रमार्गाचा संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल आणि पहिले तीन महिने सायटोमेगॅलो विषाणूविरुद्ध व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर. पाचव्या महिन्यात टॅक्रोलिमस २ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मायकोफेनोलेट १ ग्रॅम दोनदा आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम एकदा असं चालू होतं. टॅक्रोलिमसची पातळी ७.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, क्रिएटिनीन १.१, रक्तदाब एका गोळीवर ताब्यात. इथवर सगळं सुरळीत.

एकाऐवजी तीन औषधं कशासाठी, हे रुग्णाला नीट समजावलेलं असलं की पुढचे बरेच घोळ टळतात. परकी पेशी ओळखून टी-पेशी (प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी) जागी झाली की तिच्या आत कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम कामाला लागतं, त्यातून इंटरल्युकिन-२ हा पेशींना वाढायला सांगणारा संदेश तयार होतो आणि पेशींची फौज वाढू लागते. टॅक्रोलिमस कॅल्सिन्यूरिनलाच अडवतं. तरीही काही पेशी निसटतात. त्यांना दुपटीने वाढायला प्युरीन हा डीएनएचा कच्चा माल लागतो आणि लिम्फोसाइट (टी-पेशी ज्या गटातल्या, त्या पांढऱ्या पेशी) तो बहुतांशी स्वतःच बनवतात. मायकोफेनोलेट नेमकं हे बनणं बंद पाडतं. प्रेडनिसोलोन कित्येक जनुकांचं काम दाबून एकूण दाह कमी करतं. तीन ठिकाणी थोडा थोडा दाब दिला की कुठल्याही एका औषधाचा विषारी डोस द्यावा लागत नाही. एक काढलं किंवा कमी केलं की त्याचं ओझं उरलेल्या दोघांवर पडतं. हे वाक्य पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधलं होतं, त्यामुळे ते यातल्या कुठल्याच औषधाशिवाय टिकलं. बाकीच्यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अझाथायोप्रिन येईपर्यंत थांबावं लागलं. सायक्लोस्पोरिन १९८० च्या दशकात रूढ झालं. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडलं आणि पुढे त्याने सायक्लोस्पोरिनला बरंचसं मागे सारलं. सायक्लोस्पोरिनने हिरड्या सुजतात, अंगावर केस वाढतात. टॅक्रोलिमसने उलट डोक्यावरचे केस विरळ होतात, हात कापतात आणि मधुमेह होण्याची शक्यता वाढते. औषध बदललं की दुष्परिणामांचा फक्त चेहरा बदलतो, असं एखाद्या वैतागलेल्या रुग्णाने म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड आहे.

आठवडा पहिला: खोकला, अँटिबायोटिक, थरथर

पाचव्या महिन्यात तिला ताप आणि खोकला आला. जवळच्या डॉक्टरांनी तपासून क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवसांसाठी लिहून दिलं. प्रत्यारोपण झाल्याचं तिने सांगितलं होतं, आणि त्यांनीही ते लक्षात ठेवून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळली. म्हणजे काळजी घेतली गेली होती, फक्त ती किडनीला थेट इजा करणाऱ्या औषधांपुरती. क्लॅरिथ्रोमायसिन किडनीला थेट इजा करत नाही. ते टॅक्रोलिमस मोडणाऱ्या एन्झाइमला बंद करतं.

टॅक्रोलिमसचं विघटन यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत सीवायपी३ए नावाच्या एन्झाइमांकडून होतं. आतड्याच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंपही असतो. तो शोषलं गेलेलं औषध पुन्हा आतड्यात फेकतो. या दोन अडथळ्यांमुळे तोंडाने घेतलेल्या टॅक्रोलिमसचा साधारण पाव भागच रक्तात पोहोचतो. क्लॅरिथ्रोमायसिन दोन्ही अडथळे कमकुवत करतं. मग तोच २ मिलिग्रॅमचा डोस अनेक पटींनी अंगी लागतो. त्याच गटातलं अझिथ्रोमायसिन हे काम फारच कमी करतं, म्हणून अशा रुग्णात मॅक्रोलाइड द्यायचंच झालं तर तेच पसंत केलं जातं.

चौथ्या दिवशी हात थरथरू लागले. पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले, दिवसाला पाच-सहा वेळा. डोकं जड, रात्री झोप नाही. सातव्या दिवशी ती प्रत्यारोपण केंद्रात आली तेव्हा तिची तक्रार जुलाबांची नव्हती. "डॉक्टर, फळ्यावर लिहिताना अक्षर हलतंय. मुलं विचारतात, मॅडम, थंडी वाजतेय का?"

रक्तदाब १५८/९६. क्रिएटिनीन १.९, पोटॅशियम ५.८, मॅग्नेशियम १.३, पांढऱ्या पेशी २,९००, उपाशीपोटी साखर ११८. लघवीत प्रथिनं नाहीत. टॅक्रोलिमसची पातळी ३१.

या ३१ वर थोडं थांबायला हवं. रक्त अकराला घेतलं होतं. "आजची गोळी किती वाजता घेतलीत?" या प्रश्नाला उत्तर मिळालं, "नऊला, नेहमीसारखी." टॅक्रोलिमसची जी पातळी आपण वाचतो ती पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधीची असते, म्हणजे मागच्या डोसनंतर बारा तासांनी रक्तात उरलेली. डोसनंतर दोन तासांनी घेतलेलं रक्त शिखराच्या आसपासचं असतं. तो आकडा कितीही मोठा आला तरी त्याची तुलना आधीच्या ७.२ शी करता येत नाही. हा घोळ इतका सर्रास होतो की 'पातळी वाढली' असं ऐकल्यावर पहिला प्रश्न डोसच्या वेळेचा विचारावा, औषधांचा नंतर. त्या संध्याकाळचा डोस थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी न घेता रक्त दिलं, तर पातळी २१.४. आता शंका उरली नाही. रात्रीचा डोस वगळूनही एवढं औषध उरलं होतं.

एकेका तक्रारीमागे किती संशयित

कागदावर पाच-सहा बिघाड होते आणि प्रत्येकाला किमान दोन कारणं.

क्रिएटिनीन: टॅक्रोलिमस ग्लोमेरुलसकडे (किडनीतल्या सूक्ष्म गाळणीकडे) रक्त नेणारी सूक्ष्म धमनी आकसवतं. रक्तपुरवठा घटला की गाळणं घटतं आणि क्रिएटिनीन वाढतं. सुरुवातीला हे पूर्ण उलटण्याजोगं असतं. पातळी उतरली की धमनी सैल होते. वर्षानुवर्षं चालत राहिलं तर मात्र धमनीच्या भिंतीत काचेसारखा थर साठतो, किडनीत पट्ट्यापट्ट्यांनी तंतू वाढतात आणि ते परत फिरत नाही. तिच्या बाबतीत जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं होतं, म्हणजे रक्तपुरवठ्यावर दुहेरी मार. शिवाय को-ट्रायमोक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिम नलिकांमधून क्रिएटिनीन बाहेर टाकण्याचं काम थोडं रोखतं, त्यामुळे गाळणं न बदलताही आकडा किंचित वर दिसतो. पण ते पाच महिने चालूच होतं, तेव्हा नव्या वाढीचा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी. टॅक्रोलिमस नलिकेच्या दूरच्या भागात मीठ परत शोषणारा वाहक चेतवतं, त्यामुळे पोटॅशियम बाहेर पडायला जागा कमी राहते आणि रक्तदाबही चढतो. ट्रायमेथोप्रिम त्याच्याही पुढे सोडियमची वाहिनी अडवतं आणि पोटॅशियम आणखी अडकतं. एकटं असताना दोघंही निभावून जातात, एकत्र आल्यावर ५.८. मॅग्नेशियमचं उलट: टॅक्रोलिमसमुळे ते लघवीवाटे वाहून जातं, त्यात जुलाबांची भर. मॅग्नेशियम कमी असलेल्यांना प्रत्यारोपणानंतर मधुमेह जास्त होतो असं दिसलं आहे. तरी हा आकडा तपासण्यांच्या यादीतून सर्वात आधी गळतो.

थरथर, डोकेदुखी, झोप उडणं हे टॅक्रोलिमसचे मेंदूवरचे परिणाम. पातळी आणि थरथर यांचं नातं बरंच सरळ असतं, आणि हाताने लिहिणाऱ्या माणसाला ते प्रयोगशाळेच्या आधी कळतं. याच वाटेवर पुढे झटके, गोंधळ आणि दृष्टी अंधुक होणंही आहे. म्हणून डोकेदुखी आणि चढता रक्तदाब एकत्र दिसले की बाह्यरुग्ण विभागातून घरी पाठवू नये. तिला दाखल करून घेतलं ते याच कारणाने.

खरी गुंतागुंत जुलाब आणि पांढऱ्या पेशींची होती. जुलाब क्लॅरिथ्रोमायसिनने होऊ शकतात. मायकोफेनोलेटने तर होतातच. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत नव्या बनत असतात आणि त्यांनाही प्युरीन लागतं. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर थांबून दोन महिने झाले होते, आणि सायटोमेगॅलो विषाणू डोकं वर काढतो तो नेमका अशाच वेळी: जुलाब, ताप, पांढऱ्या पेशी कमी. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील, नोरोव्हायरस हे जुलाब करणारे जंतूही यादीत. पांढऱ्या पेशी कमी होण्यामागेही मायकोफेनोलेट, को-ट्रायमोक्साझोल आणि तोच सायटोमेगॅलो.

इथे एक उफराटी गोष्ट आहे आणि ती डॉक्टरांच्याही लक्षातून निसटते. जुलाब झाले की औषध वाहून जाईल आणि पातळी घसरेल, असं साध्या तर्काने वाटतं. टॅक्रोलिमसचं बहुधा उलट होतं. आतड्याचं अस्तर खरवडलं गेलं की तिथली एन्झाइमं आणि पंपही जातात, अडथळा उरत नाही आणि औषध जास्त शोषलं जातं. 'जुलाबात गोळी पडून गेली असेल' म्हणून आपल्या मनाने दुसरी गोळी घेणारा रुग्ण आधीच चढलेल्या पातळीत भर घालत असतो. उलटीचं गणित वेगळं. गोळी घेतल्यावर थोड्या वेळातच उलटी झाली तर केंद्राला विचारून डोस पुन्हा घ्यावा लागतो.

काय केलं

क्लॅरिथ्रोमायसिनचे उरलेले डोस बंद. टॅक्रोलिमसचे आणखी दोन डोस थांबवून मग १ मिलिग्रॅम दोनदा. शिरेतून सलाइन, पोटॅशियम बांधणारी पूड, मॅग्नेशियम. को-ट्रायमोक्साझोल तात्पुरतं बंद. मायकोफेनोलेट निम्मं, ५०० मिलिग्रॅम दोनदा. सायटोमेगॅलो आणि बीके या दोन्ही विषाणूंसाठी पीसीआर आणि शौचाची तपासणी पाठवली.

यातला एकेक निर्णय स्वतंत्रपणे बघितला तर योग्यच वाटतो. एकत्र बघितल्यावर मात्र दिसतं की एकाच दिवशी त्रिकुटातली दोन औषधं खाली आली आणि तिसरं फक्त ५ मिलिग्रॅमवर उभं होतं. त्या दिवशी ते धोक्याचं नव्हतं, कारण रक्तात टॅक्रोलिमस भरपूर होतं. धोका पुढच्या दोन आठवड्यांत होता.

तिसऱ्या दिवशी पातळी ९.८. थरथर कमी, रक्तदाब १३४/८४, क्रिएटिनीन १.५ आणि सहाव्या दिवशी १.४. सायटोमेगॅलोचा पीसीआर निगेटिव्ह, बीके निगेटिव्ह, शौचात काही नाही. जुलाब आठवड्याभरात थांबले. तिला घरी सोडलं आणि पुढची तपासणी दहा दिवसांनी ठरली. टॅक्रोलिमस १ मिलिग्रॅम दोनदाच राहिलं.

माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण क्लॅरिथ्रोमायसिन लिहिण्याचा नाही, हा आहे. क्लॅरिथ्रोमायसिन एन्झाइमला नुसतं अडवत नाही, त्याला निकामी करतं. औषध थांबवल्यावर शरीर नवं एन्झाइम बनवतं आणि काही दिवसांत जुना वेग परत येतो. म्हणजे ९.८ ही ठरलेली पातळी नव्हती, उतरणीवरचा एक टप्पा होता. जो डोस अडवलेल्या एन्झाइमला पुरेसा होता तो मोकळ्या एन्झाइमला निम्माच पडणार, हे कागदावर आधीच मांडता आलं असतं: दर दोन-तीन दिवसांनी पातळी आणि डोस टप्प्याटप्प्याने पुन्हा २ मिलिग्रॅमकडे. परस्परक्रिया सुरू होताना सगळे सावध असतात. ती संपताना कुणी पहारा देत नाही. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, डिल्टियाझेम किंवा रिटोनाव्हिर असलेली विषाणूविरोधी औषधं थांबवल्यावरही हेच घडतं. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांचं नेमकं उलट: चालू असताना टॅक्रोलिमसची पातळी तळाला जाते, वाढीव डोस द्यावा लागतो आणि ती बंद केल्यावर तोच वाढीव डोस विषारी ठरतो.

सतरावा दिवस

तिला बरं वाटत होतं. ताप नाही, किडनीच्या जागी दुखत नाही, लघवी व्यवस्थित. आजच्या काळातलं रिजेक्शन बहुतेकदा असंच निःशब्द असतं. ताप, दुखणारी किडनी, लघवी कमी हे जुन्या पुस्तकांतलं वर्णन या औषधांनी जवळपास पुसून टाकलं आहे. क्रिएटिनीन १.७. टॅक्रोलिमस ३.१.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्फनी चाचणीत १,६४५ रुग्णांचे चार गट करून तुलना केली होती. कमी डोसच्या टॅक्रोलिमसचा गट, पातळीचं लक्ष्य ३ ते ७, किडनीच्या कामात आणि रिजेक्शन टाळण्यात सर्वांत सरस ठरला. मधुमेह आणि जुलाब मात्र त्याच गटात जास्त. या चाचणीच्या आधारे '३ सुद्धा चालतं' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. त्या गटात बहुतेकांची पातळी प्रत्यक्षात लक्ष्याच्या वरच्या टोकाजवळ राहिली होती आणि जोडीला मायकोफेनोलेटचा पूर्ण डोस होता. निम्म्या मायकोफेनोलेटबरोबर पाचव्या-सहाव्या महिन्यात ३.१ ही वेगळीच परिस्थिती.

काहींचा कल अशा वेळी बायोप्सी न करता थेट स्टेरॉइडचे मोठे डोस देण्याकडे असतो. इथे बायोप्सी केली गेली आणि ते योग्य झालं. क्रिएटिनीन वाढण्याचं एक कारण बीके विषाणूही असतो. तो रोपित किडनीच्या नलिकांमध्ये वाढतो, सूक्ष्मदर्शकाखाली रिजेक्शनसारखाच दिसू शकतो आणि त्यावरचा मुख्य उपाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हा आहे. त्याला रिजेक्शन समजून स्टेरॉइड दिलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. रक्तातला पीसीआर निगेटिव्ह होता, तरी ऊतीवरही बीके विषाणू शोधणारं एसव्ही४० रंजन केलं गेलं. तेही निगेटिव्ह.

अहवाल: टी-पेशींचं रिजेक्शन, बायोप्सीतलं रिजेक्शन मोजणाऱ्या बॅन्फ वर्गीकरणात १ए. नलिकांच्या भिंतीत आणि त्यांच्यामधल्या जागेत लिम्फोसाइट, धमन्या त्यातून वाचलेल्या, सी४डी (प्रतिपिंडांच्या हल्ल्याची खूण) निगेटिव्ह. रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडं नाहीत. आणि खाली एक ओळ: काही नलिकांच्या पेशींमध्ये एकसारख्या आकाराची बारीक पोकळ्यांची जाळी. ती टॅक्रोलिमसच्या विषारीपणाची खूण मानली जाते. एकाच तुकड्यात दोन आठवड्यांपूर्वीचं जास्त झालेलं औषध आणि आत्ताचं कमी पडलेलं औषध, दोन्हींचे ठसे.

उपचारांचा उपद्रव

मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम शिरेतून तीन दिवस. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमपासून पुन्हा उतरतं. टॅक्रोलिमस २ मिलिग्रॅम दोनदा, लक्ष्य काही महिने ८ ते १०. को-ट्रायमोक्साझोल पोटॅशियमवर नजर ठेवून परत सुरू.

मायकोफेनोलेटवर चर्चा झाली. पूर्ण १ ग्रॅमवर परत जायचं का? हा डोस मुळात सायक्लोस्पोरिनच्या काळात ठरलेला. सायक्लोस्पोरिन पित्तावाटे आतड्यात गेलेल्या मायकोफेनोलिक ॲसिडला रक्तात परत येण्यापासून अडवतं. टॅक्रोलिमस तसं अडवत नाही. त्यामुळे तोच डोस टॅक्रोलिमसबरोबर अंगी जास्त लागतो. ५४ किलो वजनाच्या स्त्रीला, जिच्या पेशी एकदा २,९०० वर आल्या आहेत, तिला ७५० मिलिग्रॅम दोनदा देणं हा मधला मार्ग निवडला गेला. जुलाब परतले असते तर आतड्यात उशिरा विरघळणाऱ्या मायकोफेनोलेट सोडियमचा पर्याय होता. काहींना तो मानवतो, काहींना काहीच फरक पडत नाही. पेशी तीन आठवड्यांत ४,८०० वर आल्या. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर पुन्हा सुरू केलं असतं तर तेही पेशी घटवतं, म्हणून त्याऐवजी दर दोन आठवड्यांनी पीसीआर करत राहायचं ठरलं.

क्रिएटिनीन दहा दिवसांत १.३ वर आलं आणि तिथेच थांबलं. १.१ परत मिळालं नाही.

साखर मात्र बिघडली. उपाशीपोटी ११०, जेवणानंतर ३१२. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवतं, रात्रभरात ती उतरते. उपाशीपोटीचीच साखर बघत राहिलं असतं तर हे कित्येक आठवडे लपून राहिलं असतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सीवरही या काळात भरवसा ठेवता येत नाही, कारण रक्तक्षय आणि नव्या तांबड्या पेशींची लगबग तो आकडा खोटा पाडतात. स्टेरॉइड इन्सुलिनला जुमानू देत नाही, आणि टॅक्रोलिमस स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणंच कमी करतं. एकाने मागणी वाढवली, दुसऱ्याने पुरवठा तोडला. वडिलांचा मधुमेह, कमी मॅग्नेशियम आणि आता स्टेरॉइडचा मारा. पहिल्या दिवशीची ११८ ही साखर सूचना देत होती.

सकाळी मध्यम मुदतीचं इन्सुलिन सुरू झालं. स्टेरॉइड उतरलं तसं इन्सुलिनही उतरलं आणि पुढे लिनाग्लिप्टिन या साखरेच्या गोळीच्या ५ मिलिग्रॅमवर भागलं, ज्याचा डोस किडनीच्या कामाप्रमाणे बदलावा लागत नाही. टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन दिलं तर साखर सुधारू शकते, हा पर्यायही मांडला गेला. नुकतंच रिजेक्शन झालेल्या रुग्णात कमी ताकदीच्या औषधाकडे जाणं कुणालाच पटलं नाही. स्टेरॉइड पूर्ण काढण्याचा विषय तर संपलाच. सिरोलिमस या आणखी एका पर्यायी औषधाकडे जाणाऱ्यांची तोंड येणं, जखम भरायला वेळ, लघवीतून प्रथिनं, वाढलेलं कोलेस्टेरॉल अशी वेगळी यादी असते.

तिचे प्रश्न

आठव्या महिन्यात सगळे आकडे समाधानकारक होते, टॅक्रोलिमस ८.१, आणि ती मात्र नाखूश होती. केस झडत होते, चेहरा गोल झाला होता, पाच किलो वजन वाढलं होतं. "या एवढ्या गोळ्यांमधली एखादी तरी कमी होईल ना?" वैद्यकीय नोंदींत या तक्रारी 'किरकोळ' या रकान्यात जातात. तो रकाना भरणारा माणूस आरशात स्वतःला बघत नसतो. गुपचूप डोस चुकवण्यामागे पोटॅशियम नसतं, बहुधा हेच असतं, आणि चुकवलेल्या डोसांमुळे वरखाली होणारी पातळी किडनीचं आयुष्य कमी करते. तिला खरं तेच सांगितलं गेलं: प्रेडनिसोलोन ५ वर आल्यावर चेहरा बराच उतरेल; टॅक्रोलिमसचं लक्ष्य वर्षाच्या आसपास ६ ते ७ वर आणता येईल आणि केसांची गळ त्याबरोबर बहुधा कमी होईल; तिघांपैकी कुठलंही औषध पूर्ण बंद होणार नाही.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला, जो खरं तर केंद्राने पहिल्याच महिन्यात तिला विचारायला हवा होता. तिला आणखी एक मूल हवं होतं. मायकोफेनोलेटवर गर्भ राहिला तर गर्भपाताचा आणि बाळाच्या कानात, ओठ-टाळूत, हृदयात व्यंग राहण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. गर्भधारणेआधी किमान सहा आठवडे ते बंद करून अझाथायोप्रिन द्यावं लागतं. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन गर्भारपणात चालू ठेवता येतात, मात्र टॅक्रोलिमसची पातळी जास्त वेळा बघावी लागते. नुकत्याच रिजेक्शन झालेल्या किडनीत हा बदल लगेच करणं धोक्याचं, आणि ३९ व्या वर्षी थांबण्यालाही किंमत आहे. आई होण्याचा निर्णय तिचा, आणि तो घेण्यासाठी हे दोन्ही धोके तिच्यापुढे आकड्यांसकट ठेवणं केंद्राचं काम. ठरलं ते असं: रिजेक्शननंतर एक वर्ष पूर्ण होऊ द्यायचं, क्रिएटिनीन स्थिर आणि लघवीत प्रथिनं नाहीत याची खात्री करायची, दात्याविरुद्धची प्रतिपिंडं पुन्हा तपासायची, मग अझाथायोप्रिन, आणि त्यावर काही महिने सारं स्थिर राहिलं तरच पुढे.

अझाथायोप्रिनचीही एक अट आहे. युरिक ॲसिडसाठी कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं तर ते अझाथायोप्रिनचं विघटन रोखतं आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. सीवायपी३एवाटे नव्हे, वेगळ्या एन्झाइमवाटे, पण घटनाक्रम क्लॅरिथ्रोमायसिनचाच. म्हणून तिच्या हातात आता एक छापील कार्ड आहे. त्यावर तिची सगळी औषधं, कोणती औषधं केंद्राला विचारल्याशिवाय सुरूही करायची नाहीत आणि बंदही करायची नाहीत याची यादी, ग्रेपफ्रूट वर्ज्य असल्याची नोंद आणि केंद्राचा फोन. 'बंदही' हा शब्द मुद्दाम ठळक छापला आहे.

वर्षअखेरीला क्रिएटिनीन १.३, टॅक्रोलिमस ६.८, मायकोफेनोलेट ७५० मिलिग्रॅम दोनदा, प्रेडनिसोलोन ५, साखर एका गोळीवर. अझाथायोप्रिन तिला झेपेल का हे आधीच कळावं म्हणून टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी पाठवली आहे. अहवाल यायचा आहे, तोवर मायकोफेनोलेट आणि गर्भनिरोधक दोन्ही चालू.